घड्याळ कोणाचे? : स्टुडिओतील डिजिटल यंत्रांच्या मेळाविषयी प्रस्तावना

डिजिटल ध्वनिमुद्रणात ध्वनी मोजला जातो, आणि मोजणी म्हटली की मोजणाऱ्याचे घड्याळ आले. माइकमधून येणारा विद्युत-संकेत ज्या यंत्रात आकड्यांमध्ये बदलतो त्याला कन्व्हर्टर म्हणतात. हे कन्व्हर्टर ठरावीक अंतराने त्या संकेताची पातळी मोजून आकडा नोंदवते, अशा प्रत्येक नोंदीला नमुना किंवा सॅम्पल म्हणतात, आणि सेकंदाला जितके नमुने घेतले जातात त्या संख्येला सॅम्पल रेट. हा रेट ४८,००० असेल तर लगतच्या दोन नमुन्यांत सुमारे २१ मायक्रोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या जेमतेम एकवीस भागांचे अंतर पडते. ते अंतर राखण्याचे काम यंत्रातला क्वार्ट्झचा स्फटिक करतो, जो मनगटी घड्याळातल्या स्फटिकाचाच भाऊबंद असतो. यंत्र एकच असेल तोवर या घड्याळाची आठवण काढण्याचे कारण पडत नाही. यंत्रे दोन झाली की घड्याळेही दोन होतात, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण तेथे शब्दशः खरी ठरते. मीरा-भाईंदरसारख्या शहरातल्या छोट्या स्टुडिओत चार-पाच डिजिटल यंत्रे मांडताना ती एका घड्याळावर कशी आणावीत, एवढाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

शहराची ही निवड सहज झालेली नाही. १९८५ साली नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या या शहराची जुनी ओळख मिठागरांची, वसईच्या खाडीची आणि उत्तनच्या कोळीवाड्यांची. परंतु मुंबईची सीमा ओलांडताच जागा तुलनेने स्वस्त मिळू लागल्यामुळे दूरचित्रवाणीच्या धंद्याचा मोठा भाग गेल्या काही दशकांत इकडे सरकला. काशिमिरा-घोडबंदरच्या पट्ट्यात आणि खाडीपलीकडे नायगावला मालिकांचे सेट उभे राहतात, त्यांत राबणारे अनेक कलावंत व तंत्रज्ञ मीरा रोडला घर करून राहतात, आणि त्यांच्या गरजेतून निघालेला स्टुडिओ बहुधा एखाद्या इमारतीच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत असतो. सकाळी मालिकेचे डबिंग, दुपारी कोळीगीत, संध्याकाळी जैन स्तवन किंवा भजनाचा अल्बम, रात्री कोणाच्या तरी यूट्यूब वाहिनीचे काम, असा मिश्र व्यवसाय तेथे चालतो. मोठ्या स्टुडिओत यंत्रांची देखभाल करणारा वेगळा इंजिनिअर असतो. येथे मालक, रेकॉर्डिस्ट, वायरमन आणि हिशेबनीस अशी चारही माणसे एकाच खुर्चीवर बसलेली असतात. तांत्रिक ग्रंथ सहसा पहिल्या प्रकारच्या स्टुडिओला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले जातात, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या स्टुडिओसाठी असा स्वतंत्र प्रपंच करणे अवश्य होते.

या खोलीत नेमके काय घडते ते जवळून पाहिले पाहिजे. संगणकाला यूएसबीने जोडलेला आठ माइकांचा एक इंटरफेस आहे. ढोलकी, हलगी, संबळ आणि दोन-तीन गळे एकदम घ्यायचे म्हटल्यावर आठ वाटा अपुऱ्या पडतात, म्हणून आणखी आठ माइक घेणारा एक प्री-अँप विकत आणला जातो आणि त्याची ऑप्टिकल केबल इंटरफेसच्या मागच्या चौकोनी भोकात खोचली जाते. केबलचे टोक बाहेर काढून पाहिले तर त्यात लालसर ठिपका दिसतो. एडॅट या पद्धतीने त्या एका ठिपक्यातून ४८,००० च्या रेटला आठ माइकांचा आवाज वाहतो. सगळे चालू लागते, पातळीचे दिवे नाचू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना लक्षात येते की नव्या आठ वाटांवर अधूनमधून ‘टक्’ असा बारीक आवाज बसला आहे. प्रथम केबल बदलली जाते, मग माइक, मग इन्व्हर्टरवर संशय जातो, मग इमारतीच्या अर्थिंगवर. वास्तविक दोष यांपैकी कशातही नसतो. प्री-अँप स्वतःच्या घड्याळाने नमुने मोजून पाठवत असतो आणि इंटरफेस स्वतःच्या घड्याळाने ते उचलत असतो. दोन स्फटिकांच्या चालीत दहा लाखांत केवळ वीस भागांचा फरक असला तरी दर सेकंदाला जवळजवळ एक नमुना जास्त येतो किंवा कमी पडतो, आणि तो टाकून देताना किंवा दोनदा वाचताना ध्वनितरंगाला जो धक्का बसतो तोच ‘टक्’ म्हणून ऐकू येतो.

हा दोष फसवा असण्याचे कारण तो सगळीकडे सारखा ऐकू येत नाही. ढोलकीच्या थापेखाली तो सहज दडतो, तंबोऱ्याच्या किंवा हार्मोनियमच्या सलग सुरात मात्र पांढऱ्या धोतरावरच्या डागासारखा उठून दिसतो. म्हणूनच यंत्रे जोडल्यावर पाच मिनिटे नुसता तंबोरा मुद्रित करून हेडफोनवर ऐकावा, अशी साधी चाचणी या पुस्तकात वारंवार सांगितली आहे. सतत ऐकू येणारी घुंई आणि तुटक ‘टक्’ यांत गल्लत करू नये, हेही येथेच नोंदवावे लागेल: घुंई ही बहुतेक वेळा विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहातून किंवा सदोष अर्थिंगमधून येते आणि तिचा घड्याळाशी संबंध नसतो.

वेगवेगळ्या यंत्रांना एका गतीत बांधण्याचा प्रश्न डिजिटल युगाने जन्माला घातलेला नाही. बोलपट आला तेव्हाच तो आला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला तेव्हा चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर एकाच वेळी घेतले जात होते, त्यामुळे मेळाचा प्रश्न यंत्रानेच परस्पर सोडवला होता. उरला तो बाहेरच्या गोंगाटाचा, आणि स्टुडिओलगतच्या रेल्वेमुळे त्या चित्रपटाचे बरेचसे काम गाड्या थांबल्यावर रात्री करावे लागले. (भाईंदर स्थानकाजवळच्या स्टुडिओमालकाला या माहितीने दिलासा मिळेल की नाही, सांगणे कठीण आहे.) १९३५ च्या सुमारास पार्श्वगायनाची पद्धत आली आणि आधी मुद्रित केलेले गाणे चित्रीकरणाच्या जागी वाजवायचे म्हटल्यावर मुद्रण, वादन आणि कॅमेरा या तिन्हींची गती एक असणे भाग पडले. पुढे परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई पुनर्मुद्रणाचे, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र मिसळण्याचे काम करीत, त्या काळात हे सगळे आवाज वेगवेगळ्या ३५ मिलिमीटरच्या चुंबकीय फिल्मींवर असत आणि त्या फिल्मी व चित्राचा प्रोजेक्टर एकमेकांशी जखडलेले असत. या जखडण्याला ‘इंटरलॉक’ म्हणत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका चौकटीमागे चार छिद्रे असतात आणि सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे दर सेकंदाला ९६ छिद्रे दात्यांवरून जातात; त्या काळचे घड्याळ ते. ९६ छिद्रांच्या जागी आज ४८,००० नमुने आले आहेत, एवढाच काय तो फरक. छिद्र चुकले तर फिल्म फाटत असे आणि सर्वांना दिसत असे, नमुना चुकला तर फक्त ‘टक्’ होते आणि दोष माइकला दिला जातो.

आजच्या घड्याळाच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. पहिली वाट ध्वनीच्या आकड्यांसोबतच घड्याळ पाठवण्याची: एडॅटची ऑप्टिकल केबल, घरगुती यंत्रांवरचे एसपीडीआयएफ, व्यावसायिक यंत्रांवरचे एईएस-३ यांतून वाहणाऱ्या संकेतातच पाठवणाऱ्याची चाल दडलेली असते आणि घेणारे यंत्र ती ओळखून स्वतःची चाल तिच्याशी जुळवते. दुसरी वाट वर्ड क्लॉकची: तीत ध्वनी अजिबात नसतो, दर नमुन्यामागे एक ठोका देणारा चौकोनी संकेत वेगळ्या केबलने फिरतो. ज्याचे घड्याळ सर्वांनी मानायचे त्या यंत्राला व्यवहारात ‘मास्टर’ म्हणतात आणि मानणाऱ्यांना ‘स्लेव्ह’. अलीकडे दुसऱ्या शब्दाऐवजी ‘फॉलोअर’ रूढ होत आहे आणि या पुस्तकात ‘अनुयायी’ हा शब्द योजला आहे. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणारा जे करतो तेच मास्टरचे काम: तबलजी कायदे, रेले, गती यांत कितीही दूर गेला तरी लेहरा त्याच्यामागे धावत नाही, समेवर तबलजीनेच यायचे असते.

वर सांगितलेल्या इंटरफेस-प्री-अँपच्या जोडीत मास्टर कोण असावा, याविषयी फार मोठा गैरसमज आहे. संगणकाला जो जोडलेला तोच मास्टर, असे बहुतेक रेकॉर्डिस्ट गृहीत धरतात. परंतु प्री-अँपकडून इंटरफेसकडे एकच ऑप्टिकल केबल येत असेल आणि परतीची वाट नसेल, तर इंटरफेसची चाल प्री-अँपला कळण्याचा मार्गच उरत नाही. अशा जोडणीत इंटरफेसच्या नियंत्रण-खिडकीत ‘क्लॉक सोर्स’ या ओळीपुढे ‘इंटर्नल’ बदलून ‘एडॅट’ निवडावे लागते, म्हणजे नवागत प्री-अँप मास्टर होतो आणि घरचा इंटरफेस अनुयायी. हे निवडल्यावर ‘सिंक’ किंवा ‘लॉक’ लिहिलेला छोटा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर पेटतो. या मांडणीला एक गैरसोय चिकटलेली आहे: मिक्सिंगच्या दिवशी माइकचे काम नाही म्हणून प्री-अँप बंद ठेवला की इंटरफेसला घड्याळच मिळत नाही आणि गाणे अडखळू लागते किंवा वाजतच नाही. परतीची दुसरी ऑप्टिकल केबल किंवा वर्ड क्लॉकची एक वायर इंटरफेसकडून प्री-अँपकडे नेली तर इंटरफेसला मास्टर ठेवता येते. प्री-अँपवर तशी जागा आहे की नाही, हे तो विकत घेण्याआधीच त्याच्या पाठीकडे वाकून पाहावे. एडॅटविषयी आणखी एक गोष्ट खरेदीआधी माहीत हवी: रेट ४८,००० वरून ९६,००० केला की एका ऑप्टिकल केबलमधून आठऐवजी चारच माइकांचा आवाज जातो, त्यामुळे आठ माइकांच्या भरवशावर बसलेला मनुष्य ऐन मुद्रणात चार माइकांवर येतो.

वर्ड क्लॉकच्या केबलबाबतही असाच एक न दिसणारा नियम आहे. ही केबल ७५ ओहमची असावी लागते आणि तिच्या टोकाला पिळून बसवायचा गोल बीएनसी जोड असतो. जुन्या संगणक-जाळ्यांत वापरली जाणारी ५० ओहमची केबलही अगदी तशीच दिसते, म्हणून वायरच्या अंगावर छापलेली अक्षरे वाचल्याशिवाय ती लावू नये. संकेत केबलच्या शेवटच्या टोकाला पोहोचल्यावर तेथे ७५ ओहमचा रोध नसेल तर तो आपटून परत फिरतो आणि नंतरच्या ठोक्याची कड बिघडवतो. हा रोध बसवण्याला टर्मिनेशन म्हणतात. एकाच केबलवर ‘टी’ आकाराचे जोड लावून तीन-चार यंत्रे साखळीत घेतली असतील तर टर्मिनेशन फक्त शेवटच्या यंत्रावर असावे, मधल्यांवर नसावे. काही यंत्रांत ते आतच कायमचे बसवलेले असते, काहींत मागे ‘७५ ओहम’ लिहिलेले बटण असते. हे न पाहता साखळी केली की कधी दोन ठिकाणी टर्मिनेशन होऊन संकेत दुबळा पडतो, कधी कोठेच न होता तो आपटत राहतो. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत बीएनसीचे धातूचे ओठ आणि ऑप्टिकल केबलची टोके वर्षभरात मळतात, म्हणून पावसाळा संपल्यावर ती एकदा पुसून घेण्याची शिफारस एका प्रकरणात केली आहे. ती वरकरणी क्षुल्लक असली तरी ‘लॉक’चा दिवा अकारण लुकलुकण्याची निम्मी कोडी तेथेच सुटतात, असे या पुस्तकाचे मत आहे.

वेगळे, महागडे ‘मास्टर क्लॉक’ यंत्र घ्यावे काय, हा प्रश्न विक्रेते मोठ्या उत्साहाने उपस्थित करतात. चांगला इंटरफेस बाहेरच्या घड्याळामुळे अधिक ‘गोड’ वाजू लागतो, हा समज निराधार आहे. बहुतेक आधुनिक कन्व्हर्टर स्वतःच्याच स्फटिकावर उत्तम चालतात आणि बाहेरचे घड्याळ पाळताना फार तर तितकेच चांगले चालतात. सहा-सात यंत्रे, व्हिडिओची यंत्रणा आणि अनेक खोल्या असलेल्या स्टुडिओला असे वितरण-यंत्र सोयीचे असते, कारण त्यातून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र केबल नेता येते. मीरा रोडच्या फ्लॅटमधल्या दोन पेट्यांना ते लागत नाही. तो पैसा खोलीच्या दारावर खर्च केला तर ऐकणाऱ्याला फरक कळेल.

मास्टर ठरवण्याआधी सॅम्पल रेट ठरवावा लागतो, आणि तो काम कोठे जाणार आहे यावरून ठरतो. ४४,१०० हा विचित्र दिसणारा आकडा व्हिडिओ टेपमधून आला: आरंभीच्या काळात डिजिटल ध्वनी साठवण्यासाठी व्हिडिओचीच यंत्रे हाताशी होती, सेकंदाला ५० क्षेत्रांच्या (फील्ड, म्हणजे अर्ध्या चौकटींच्या) पद्धतीत एका क्षेत्रातल्या २९४ ओळींत प्रत्येकी तीन नमुने बसवले की ४४,१०० भरतात, आणि तोच आकडा पुढे १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने कायम केला. चित्रासाठी मात्र ४८,००० हाच रेट योग्य, कारण चित्रपटाच्या २४ चौकटींनी त्याला भागले तर चौकटीमागे नेमके २,००० आणि दूरचित्रवाणीच्या २५ चौकटींनी भागले तर १,९२० नमुने येतात. ४४,१०० ला २४ ने भागले की १,८३७ नमुने आणि वर अर्धा उरतो. रेट चुकल्याची शिक्षा ‘टक्’पेक्षा मोठी असते. ४८,००० ला मुद्रित केलेले चार मिनिटांचे गाणे ४४,१०० समजून वाजवले गेले तर ते २१ सेकंदांनी लांबते आणि त्याचा सूर जवळजवळ दीड स्वरपट्टीने उतरतो. काळी पाचमध्ये गायलेले गाणे पांढरी सहा आणि काळी चार यांच्या मधल्या अशा एका जागी जाऊन बसते जेथे कोणतीच पेटी त्याला साथ करू शकत नाही.

चित्राशी संबंध आला की टाइमकोडचा विषय निघतो आणि तेथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. टाइमकोड म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि चौकट अशा आकड्यांत सांगितलेला पत्ता. तो जागा सांगतो, वेग राखत नाही. भाईंदरहून धीमी आणि जलद लोकल एकाच मिनिटाला सुटल्या म्हणून त्या अंधेरीला एकाच मिनिटाला पोहोचत नाहीत. टाइमकोडने सुटण्याची वेळ जुळते, चाकांची गती जुळवण्याचे काम वर्ड क्लॉकचे. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक आपापल्या घड्याळांवर चालत असतील आणि त्यांच्यात दहा लाखांत वीसचा फरक असेल तर तासाभराने ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते, म्हणजे २५ चौकटींच्या हिशेबात जवळजवळ दोन चौकटी. मालिकेच्या एकदोन मिनिटांच्या शॉटमध्ये हे कोणाच्या लक्षातही येत नाही. सलग दोन तासांच्या कीर्तनाच्या मुद्रणात मात्र उत्तररंगापर्यंत बुवांचे ओठ आणि टाळ शब्दांपासून सुटलेले दिसतात. याहून ढोबळ चूक २४ आणि २५ यांची: १५० मिनिटांचा चित्रपट २५ चौकटींच्या वेगाने दाखवला की १४४ मिनिटांत संपतो आणि सगळे सूर चढतात, म्हणून चित्रपटाचे ध्वनिकाम हाती घेताना निर्मात्याला पहिला प्रश्न चौकटींचा विचारावा.

दोन वेगळ्या शहरांत झालेल्या मुद्रणांना एकच घड्याळ लाभत नाही, ही गोष्ट खरी. पण तिचा बाऊ करण्याचे कारण नाही. ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंदाचा भाग लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला. अशा कामात दोन ठिकाणच्या स्फटिकांत दहा लाखांत वीसचा फरक धरला तरी चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी पाच मिलिसेकंदांहून कमी अंतर पडते, आणि वाद्यवृंदातल्या दोन टोकांना बसलेल्या वादकांच्या आवाजात त्याहून अधिक अंतर असते. तेथे महत्त्व असते ते दोन्हीकडे रेट एकच असण्याला, लयीचा नकाशा एकच असण्याला आणि प्रत्येक फाइल एकाच शून्य क्षणापासून सुरू होण्याला.

लेटन्सी, म्हणजे गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणे, हा दोष घड्याळाचा नसून संगणकाने नमुने साठवून मग हाताळण्याचा आहे, तरीही त्याची चर्चा एका प्रकरणात केली आहे. ५१२ नमुन्यांचा बफर ठेवला तर ४८,००० च्या रेटला एका फेरीत सुमारे ११ आणि येऊनजाऊन २१ मिलिसेकंद जातात. आवाज तेवढ्या वेळात हवेत सात मीटर चालतो, म्हणजे गायिकेला आपलाच आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखा वाटतो. पुन्हा घड्याळाकडे वळायचे तर, संगणक-जाळ्यावरून ध्वनी नेणाऱ्या डँटेसारख्या पद्धतींत यंत्रे आपसांत मास्टर निवडतात. छोट्या स्टुडिओत त्या अजून विरळ असल्यामुळे त्यांना थोडक्यात आटोपले आहे.

पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात नोंदींचा विचार आहे. टेपच्या काळात प्रत्येक डब्यावर टेपची गती आणि सुरुवातीच्या खुणेच्या सुराची पातळी लिहिण्याची शिस्त होती, कारण दुसऱ्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टला टेप लावण्यापूर्वी तेवढेच वाचायला मिळे. फाइलच्या काळात डबा गेला आणि त्याबरोबर शिस्तही गेली. ‘फायनल’, ‘फायनल-२’ आणि ‘एकदम फायनल’ या नावांच्या फाइली पेन ड्राइव्हवर काशिमिऱ्याहून अंधेरीला जातात. त्याऐवजी फोल्डरच्या नावातच रेट, बिट (प्रत्येक नमुन्याच्या आकड्याची लांबी), चौकटी आणि आरंभाचा टाइमकोड असावा, आणि स्टुडिओच्या भिंतीवर, स्विचबोर्डाशेजारी, जाड शाईने लिहिलेला एक कागद चिकटवावा: ‘मालिका ४८,०००, २४ बिट, २५ चौकटी; मास्टर प्री-अँप; मिक्सिंगलाही प्री-अँप चालू ठेवणे.’